धबधब्याची लेव्हल

आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथे गल्ल्याशेजारची डबी दिवसभर बोलत असते. दहा रुपये आले, वीस रुपये आले. टपरीवाले काका तिच्याकडे मान वळवूनही बघत नाहीत. आवाज आला की ग्लास पुढे. हेच काका निवडणुकीचा विषय निघाला की गाळणं पातेल्यावर आपटतात आणि म्हणतात, "ताई, त्या मशीनचं काय खरं नसतंय. बटण कुठलं बी दाबा."

"मग या डबीचं कसं खरं?" मी विचारलं.

"डबी खोटं बोलली तर रात्री खात्यात कळतंय की. मताचं पासबुक कुठंय?"

टीव्हीवरच्या निम्म्या चर्चांपेक्षा हा प्रश्न मुद्द्याचा आहे. गॅसच्या टाकीची पावती मिळते, एसटीत तिकीट मिळतं. मताची पावती मात्र घरी नेता येत नाही, आणि ती नेता येऊ नये अशीच व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. पावती खिशात आली की "दाखव" म्हणणारे दारात उभे राहणार. आदल्या रात्री पाकीट देऊन गेलेला कार्यकर्ता, ज्याच्या रानात मजुरी करायची तो मालक, नाहीतर घरातलाच कर्ता पुरुष. म्हणून मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खालच्या खोक्यात पडते. आकडा लक्षात ठेव आणि माणूस विसर, असं आपण दुसऱ्या कुठल्याच यंत्राला सांगत नाही. बाकीची यंत्रं हल्ली नेमकं उलटं करतात. परवा मी कुठल्या चपला बघितल्या ते माझ्या फोनला माझ्यापेक्षा चांगलं आठवतं.

मशीनवर संशय घेणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळं व्हायची एक रीत पडली आहे. मला ती पटत नाही. निदान माझ्या वयाच्या लोकांना तरी ती लागू नाही, कारण यंत्राच्या पोटात गुपित असू शकतं हे आम्ही शाळेतच शिकलो होतो. कॉन्ट्रा हा व्हिडिओ गेम खेळलेल्या कुणालाही विचारा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. सुरुवातीच्या चित्रावर ही बटणं ओळीनं दाबली की तीनच्या तीस लाइफ व्हायच्या. हा मंत्र कुठं छापलेला आम्ही कधी पाहिला नाही. सुट्टीला मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी आतेभावाबरोबर तो मामाच्या वाईत पोहोचला आणि आठवडाभरात सगळ्या आळीला पाठ झाला.

मोठेपणी वाचलं की कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो या माणसानं तो आधी १९८६ मध्ये ग्रेडियस नावाच्या खेळात घातला होता. खेळ तपासायचा तर पुढपर्यंत खेळत जायला हवं, आणि तो तर त्याला स्वतःलाच जमेना. मग त्यानं आपल्यापुरती एक चोरवाट करून घेतली आणि ती तशीच राहून गेली. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण बनवणाऱ्यानं आत ठेवलेली वाट बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट ज्यांच्या बोटांना दहाव्या वर्षी कळली, त्यांनी पस्तिशीत मशीनपुढे उभं राहून "आत काय असेल?" असं विचारलं तर त्यांना हसू नये.

हसू नये, पण पुढचाही विचार करावा. कॉन्ट्रातल्या गुपिताला एक सोय होती. कोण खेळणार, कुठल्या चित्रावर काय दाबणार, हे बनवणाऱ्याला आधीच माहीत होतं. मतदान यंत्र बेंगळुरू किंवा हैदराबादच्या सरकारी कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हा तिसरं बटण वाईत कुणाचं आणि वसमतला कुणाचं असेल हे ठरलेलंच नसतं. अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यावर नावं अक्षरांच्या क्रमानं लागतात. कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार याची दोनदा सरमिसळ होते. हा बचाव मला बराच भक्कम वाटतो. पूर्ण भक्कम मात्र वाटत नाही, कारण व्हीव्हीपॅट आल्यापासून चिन्हं निवडणुकीच्या थोडे दिवस आधी आत भरावी लागतात, म्हणजे साखळीतल्या एका यंत्राला तरी कुठलं चिन्ह कुठं हे माहीत असतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण त्याच निकालात चिन्हं भरणारी उपकरणं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितली. शंका अगदीच पोकळ असती तर ही तसदी कशाला घेतली असती?

गंमत म्हणजे मतदान यंत्र आणि आमचा व्हिडिओ गेम एकाच पिढीचे. जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम आला १९८३ मध्ये. आमच्याकडे पुढे आले ते बहुतेक त्याच्याच नकला. आणि केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९ मे १९८२ रोजी. त्या निवडणुकीची गोष्ट मी कुठल्याही कट्ट्यावर सांगायला तयार असते. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै यांचा यंत्राला विरोध होता. ते मतदानाआधीच न्यायालयात गेले होते. निकाल लागला आणि १२३ मतांनी तेच निवडून आले! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यांनी तोच विरोध उचलला आणि सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९८४ मध्ये न्यायालयानं म्हटलं की कायद्यात मतपत्रिका लिहिली आहे, यंत्राला आधार नाही. त्या ५० केंद्रांवर कागदानं पुन्हा मतदान झालं आणि जोस जिंकले. कायदा बदलायला १९८८ उजाडलं आणि लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागांवर यंत्र पोहोचायला २००४. यंत्र चांगलं की वाईट हे कोण जिंकलं त्यावर ठरवायची सवय आपल्याला यंत्राच्या बारशापासूनच आहे.

आमच्या घरी गेम नव्हता. तो मामाच्या घरी होता, वाईला. मामा शिक्षक. मामेभाऊ पाचवीत पहिला आला म्हणून मामानं साताऱ्याहून सेट आणला होता. राखाडी डबा, पिवळी कॅसेट, तिच्यावर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' अशा अर्थाचं इंग्रजी लेबल. यादी खाली सरकवत गेलं की थोड्याच वेळात तेच खेळ पुन्हा यायला लागायचे. कुठं मारिओ दुसऱ्या जगापासून सुरू, कुठं कॉन्ट्रा आधीच तीस लाइफ घेऊन. पर्याय भरपूर आणि खेळ मोजून दहा-बारा. (वॉर्डातल्या उमेदवारांची यादी बघताना मला ती कॅसेट आठवते. हा विनोद मी दर निवडणुकीला करते आणि दर वेळी एकटीच हसते.)

सेटला दोन रिमोट होते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही दोन बारकी बटणं होती, दुसऱ्यावर त्यांची जागा कोरी. म्हणजे कुठला खेळ लावायचा, कधी थांबवायचा, जेवायला उठताना डाव तसाच ठेवायचा की मोडायचा, हे सगळं पहिल्या रिमोटच्या हातात. पहिला रिमोट कायम दादाकडे, म्हणजे त्या मामेभावाकडे. त्यानं कधी "माझा आहे" म्हणून हट्ट केला नाही, तशी वेळच आली नाही. मी पाहुणी आणि त्यातून मुलगी, दुसरा रिमोट आपोआप माझ्यापुढे यायचा. उड्या मारणं, गोळ्या झाडणं मला त्याच्याइतकंच येत होतं. थांबवणं येत नव्हतं.

आणि मग यायची कॉन्ट्राची तिसरी लेव्हल. धबधबा. पहिल्या लेव्हलला जंगलातून उजवीकडे पळायचं असतं. इथे वर चढायचं. मागे पाणी कोसळतंय, मधेमधे खडकांचे कट्टे, वरून दगड घरंगळतायत, आणि एकेक उडी मारत शेवटापर्यंत जायचं. या लेव्हलची मेख अशी की जो वर जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खालचा भाग कायमचा नाहीसा होतो. दोघं खेळत असताना पुढच्यानं घाई केली तर मागचा उभ्या उभ्या मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, त्याची उडी चुकलेली नसते. त्याच्या पायाखालचा कट्टा पडद्यावरून गेला, एवढंच. दादा, म्हणजे निळी पँट, सरासर वर जायचा. मी लाल. खालच्या काठाला माझं डोकं जेमतेम दिसायचं, आणि मग तेही नाही. "थांब की रे!" म्हणून मी ओरडायचे. तो म्हणायचा, "थांबलो तर मी मरेन." तेही खोटं नव्हतं, वरून दगड येतच असायचे. तीन वेळा असं झालं की माझा खेळ संपला, आणि पुढे तो एकटा खेळायचा. मी बघत बसायचे आणि त्याला वरून काय येतंय ते सांगायचे.

तंत्रज्ञानाबद्दल माझं जे काही मत आहे ते त्या धबधब्यापाशी बनलेलं आहे. नवीन काही आलं की ते चांगलं का वाईट हे मी आधी बघत नाही. पडदा सरकताना खाली कोण राहिलं ते बघते. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा चोरी कमी होणार म्हणून मला बरंच वाटलं होतं. मग आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी एकदा सकाळी रिकामी पिशवी घेऊन आल्या. "अंगठा उठंना," म्हणाल्या. बोटं पुढे केली. चाळीस वर्षं राख, साबण आणि पाण्यात गेलेली ती बोटं. टोकांवरच्या रेषा पुसून गुळगुळीत झालेल्या. दुकानदारानं त्यांना हात धुऊन, तेल लावून पुन्हा यायला सांगितलं होतं. ज्या हातांनी पूर्वी अंगठा देऊन धान्य घेतलं, तेच हात आता यंत्राला ओळखू येत नव्हते. त्यांचा मुलगा सोबत गेला आणि फोनवर आलेला ओटीपी सांगून धान्य घेऊन आला. ज्यांना मुलगा नाही, ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांचं काय होत असेल याचा विचार वरच्या कट्ट्यावरून करायला फुरसत नसते.

या कसोटीला मतदान यंत्र विचित्रपणे चांगलं उतरतं, हे मला कबूल करायलाच हवं. ते ओटीपी मागत नाही, त्याला अपडेट लागत नाही, नेट लागत नाही. ते बॅटरीवर चालतं. वाचता न येणाऱ्या बाईला चिन्ह दिसतं, बटण दिसतं, दाबलं की लाल दिवा आणि लांबलचक बीप. धुण्याभांड्यांनी झिजलेलं बोटही त्याला चालतं. शाई लावायलाही तेच बोट. आपल्या आजूबाजूच्या यंत्रांपैकी हे एक यंत्र मागच्याची वाट बघत थांबतं. जुन्या कॅसेटच्या काळातलं असल्यामुळेच बहुधा.

मग कागदच बरा होता म्हणणाऱ्यांचं काय? त्यांच्याशी मी मामाच्या भरवशावर भांडते. १९९६च्या लोकसभेला मामाला जावळीतल्या एका वाडीवर ड्युटी होती. तो दोन दिवस नव्हता म्हणून आम्हाला टीव्ही मोकळा. त्या निवडणुकीची माझी आठवण एवढीच. मामाची आठवण वेगळी आहे. लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन चढलेला डोंगर. शिक्का मारल्यावर मतपत्रिका अशी घडी घालायची की ओली शाई समोरच्या नावावर उमटू नये. हे तो प्रत्येक बाईला, प्रत्येक आजोबांना हातवारे करून दाखवायचा, तरी शाई उमटायचीच आणि मत बाद व्हायचं. शिवाय शिक्का दोन नावांच्या मधोमध, शिक्क्याऐवजी अंगठाच, असलीही मतं. रात्री मेणबत्तीवर लाख वितळवून सील करताना बोटं भाजायची. हे मामाच्या शांत वाडीतलं चित्र. ज्या भागात दांडगे लोक आत घुसून गठ्ठ्यावर शिक्के मारत सुटत, तिथल्या केंद्राध्यक्षाच्या आठवणी कागदाबद्दल इतक्या हळव्या नसणार.

आठवणीतला कागद पांढराशुभ्र असतो, तशी आठवणीतली कॅसेटही पहिल्या झटक्यात चालते. खरी कधी चालत नसे. पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. मग ती काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. दोन-तीनदा केलं की चालू! फुंकरीनं कॅसेट चालते यावर आमच्या आळीत दुमत नव्हतं. सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. प्रत्यक्षात चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट आतल्या पिना गंजतात. म्हणून "मी स्वतः बघितलंय" असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, मशीनच्या बाजूनं असो की विरुद्ध, की मला आमची ती गाल फुगवलेली टोळी दिसते.

मारकडवाडीचं मात्र मला असं झटकून टाकता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं हे गाव. २०२४च्या विधानसभेच्या निकालानंतर गावकरी म्हणाले, आमच्या गावात दुसऱ्या बाजूला इतकी मतं पडणं शक्यच नाही, आम्ही मतपत्रिका छापून गावापुरतं पुन्हा मतदान घेतो. ज्याच्यासाठी भांडत होते तो उमेदवार मतदारसंघात निवडून आलेला होता, तरी. ३ डिसेंबर ठरला. प्रशासनानं जमावबंदी लावली, बंदोबस्त आला आणि बेत सोडून द्यावा लागला. निवडणूक आयोगाचं म्हणणं वेगळं आणि आकड्यांत होतं: राज्याच्या २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठंच फरक निघाला नाही.

मला दोन्ही गोष्टी एकदम वाटतात. गावानं स्वतः घेतलेल्या मतदानानं काहीच सिद्ध झालं नसतं. सगळं गाव बघत असताना पडलेलं मत आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला पडलेलं मत एकच कसं असेल? आपल्या गावाची मतं आपल्याला माहीत आहेत, असं पारावर बसून वाटतंच. पण घरातल्या बाईनं आत जाऊन कुठलं बटण दाबलं हे नवऱ्यालाही कळू नये म्हणून तर एवढा खटाटोप. तरीही, लोक स्वतःच्या खर्चानं कागद छापून, रांगेत उभं राहून उजेडात मोजू बघत होते आणि त्यांच्यापुढे पोलिसांची गाडी उभी केली गेली, हे मला आवडलं नाही. आकडा बरोबर असेलही. पण तो त्यांच्याबरोबर बसून मोजून दाखवायला काय हरकत होती?

दादाचा मुलगा आता तोच कॉन्ट्रा फोनवर खेळतो. कुठल्याही उडीच्या आधी खेळ तिथल्या तिथे साठवता येतो, चुकलं की मागे जाता येतं. धबधबा त्यानं बघता बघता पार केला. मी त्याला सांगितलं की आमच्या वेळी लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. त्यानं माझ्याकडे विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मला वाईट वगैरे वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याचा फोन घेऊन मीही रात्री खेळले आणि फार मजा आली. फक्त एक लक्षात आलं, या खेळात पुढच्या उडीला हात थरथरत नाही.

मामा यंदा ऐंशीचा होईल. त्याला विचारलं, तू कागदही बघितलास आणि २००४ला मशीनही, खरं सांग, कशावर विश्वास आहे तुझा? तो म्हणाला, "मशीनचं सोड, मला एजंटांचं सांगू दे." सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या एजंटांसमोर खोटी मतं टाकून मशीन तपासून दाखवायचं, शून्य करायचं, मग सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. तपासणी त्यांच्याचसाठी. "अर्धे आलेले नसायचे. जे आले ते म्हणायचे, 'गुरुजी, सह्या कुठं करायच्या ते सांगा, चहा गार होतोय.' बटण दाबून बघा म्हटलं की 'तुम्ही दाबलं म्हणजे झालं!' संध्याकाळी किती मतं पडली त्याचा हिशेब लिहून प्रत त्यांना द्यायची असते. ती घेऊन मी व्हरांड्यात हाका मारत फिरायचो, हे गेलेले जेवायला. आणि निकालाच्या दिवशी चौकात मशीनच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत असायचं? तर तोच, चहावाला एजंट."

"मग तू काय म्हणायचास त्याला?"

"काय म्हणणार? पुढच्या वेळी लवकर ये म्हणालो. नाही आला."